पाणी गार होईपर्यंत

माझा नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. मासळीचे खोके आत लावायचे, मागणी आली की बाहेर काढायचे, बर्फाच्या लाद्या ढकलायच्या, हे त्याचं काम. आत इतकी थंडी असते की पापण्यांवर पांढरं साचतं आणि जाड हातमोज्यांतसुद्धा बोटं बधिर होतात. सोबतचे लोक त्याला बर्फ्या म्हणतात. घरी त्याला कुणी तसं म्हणत नाही, पण संध्याकाळी तो दारात उभा राहून माझ्याकडे पाहतो आणि मी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडते, तेव्हा मला ते नाव आठवतं. त्याची बोटंच वाकत नाहीत.

मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कापड कापायचे. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखणी करायची आणि उभ्याने मशीन चालवत सगळे थर एकदम कापत न्यायचे. हात जरा हलला की एक शर्ट नाही, थरातले सगळे शर्ट वाया. मला हे काम फार आवडायचं. कटिंगच्या टेबलाशी मी एकटीच बाई होते. शिलाईकडच्या बायका मला मास्तरीण म्हणायच्या आणि मी ते खोटं खोटं नाकारायचे.

आमचं लग्न उशिरा झालं. त्याला धाकटी बहीण उजवायची होती, मला आजारी वडील होते. तिशी उलटल्यावर बोहल्यावर चढलो, त्यामुळे लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून सगळ्यांची नजर माझ्या पोटावर. मलाही मूल हवं होतं, हे आधीच सांगून टाकते. लोकांनी विचारलं म्हणून नाही, सासूबाईंनी टुमणं लावलं म्हणून नाही. मला स्वतःला हवं होतं, आणि इतकं हवं होतं की बसमध्ये कुणाच्या खांद्यावर झोपलेलं बाळ दिसलं की मी मान वळवायचे.

टब आला तो पहिल्याच हिवाळ्यात. कोल्ड स्टोरेजमध्ये मासे बर्फात घालून ठेवायचे मोठे निळे टब असतात. त्यातल्या एकाचा काठ तडकला म्हणून तो भंगारात निघाला, आणि नवरा तो खांद्यावर घेऊन घरी आला. माणूस गुडघे दुमडून आरामात बसेल एवढा होता. मी तो लिंबू आणि सोडा लावून घासला, उन्हात ठेवला, पुन्हा घासला, तेव्हा कुठे वास गेला. मग मोरीत तो ठेवला आणि दोन मोठ्या पातेल्यांतलं कढत पाणी ओतून त्यात नवऱ्याला बसवलं. पाच मिनिटं तो डोळे मिटून बसला. मग तो एवढंच म्हणाला की आज सकाळपासून पहिल्यांदा मला माझे पाय आहेत असं वाटतंय.

तेव्हापासून ते रोजचं झालं. उन्हाळ्यातसुद्धा, कारण कोल्ड स्टोरेजला उन्हाळा नसतो. तो टबात, मी शेजारी स्टुलावर. पाणी निवायला लागलं की मी उठून गॅसवरचं दुसरं पातेलं आणून ओतायचे. त्या वेळात आम्ही बोलायचो. तो मुकादमाच्या चालण्याची नक्कल टबात बसल्या बसल्या फक्त खांद्यांनी करायचा, आणि मी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहायचे. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. टबाजवळ अरे म्हणायचे. बाहेरच्या खोलीत सासूबाई, पातळ भिंत, दिवसभराचा शीण, यात नवराबायको म्हणून आमच्या वाट्याला जे काही आलं, ते बरंचसं त्या मोरीत आलं.

एकदा तो म्हणाला होता, पोरगी झाली तर तिला यातच पोहायला शिकवू. मी म्हटलं, आणि पोरगा झाला तर? तर तोही शिकेल, पण बाहेर यायला ऐकणार नाही, बापावर जाईल. असलं काहीबाही आम्ही बोलायचो.

मूल होईना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि मग घरात जो तो वैद्य झाला. सासूबाईंचं म्हणणं, दिवसभर उभं राहून आणि टेबलावर पोट टेकवून माझं आतलं सगळं खाली उतरलंय. जाऊबाईंचं म्हणणं, अंगावर जरा मांस हवं, वाळक्या फांदीला फळ कसं धरेल. नणंदेचं म्हणणं बरोब्बर उलटं, वजन उतरव वहिनी, चरबीमुळे अडतं. दोघींचंही मनावर घेऊन मी होते तेवढीच राहिले. शेजारीण म्हणाली चहा सोड. कारखान्यातली एकजण म्हणाली काळजी सोड, काळजीनेच होत नाही. काळजी सोड म्हणणाऱ्याला एकदा तरी महिन्याच्या महिन्याला ती काळजी धरून बघायला द्यावी असं मला फार वाटायचं.

आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो ते म्हातारे होते, माणूस भला होता. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. बाईचं वय ही सगळ्यात मोठी गोष्ट, पस्तिशीनंतर बीजं झपाट्याने कमी होतात. मग पाळी नियमित आहे का, थायरॉईड कसं आहे, नळ्या मोकळ्या आहेत का, पूर्वी कधी पोटात संसर्ग झाला होता का, वजन, तंबाखू, झोप. एकेक करून त्यांनी सगळं तपासलं. थायरॉईड जरासं बिघडलेलं निघालं, त्याची गोळी सुरू झाली. नळ्यांची तपासणी झाली तेव्हा मी पलंगाची दांडी धरून ओरडले होते. नळ्या मोकळ्या निघाल्या. इतक्या दुखण्यानंतर निदान काहीतरी सापडायला हवं होतं, असा वेडा विचार मी घरी येताना केला.

डॉक्टरांनी नवऱ्यालाही विचारलं. पुरुषाचं काम उष्णतेचं असलं तर त्रास होतो, ते म्हणाले. भट्टीवर असता, बॉयलरपाशी, की दिवसभर ट्रक चालवता?

नवरा हसला. "डॉक्टर, मी तर बर्फात असतो. माझा माल एकदम ताजा."

डॉक्टरही हसले. मग उष्णतेचा प्रश्नच नाही म्हणाले. तरी तपासणी करून घ्या म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, ती नवऱ्याने खिशात घातली आणि पँटबरोबर धुतली गेली. पुन्हा चिठ्ठी घ्यायला कुणी गेलं नाही. मीही मागे लागले नाही, कारण त्याचा तो विनोद घरभर झाला होता आणि विनोदावर कोण शंका घेतं? दीर आला की विचारायचा, काय दादा, माल कसा आहे? नवरा म्हणायचा, फ्रीजमध्ये आहे. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हणजे एक बाजू पक्की झाली. उरले मी.

मग मी एकेक सोडत गेले. चहा सोडला. बसमागे पळणं सोडलं. बादली उचलणं सोडलं, तरी टबाची पातेली मात्र मीच उचलायचे, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. शेवटी कटिंगचं टेबल सोडलं. मालकाला सांगितलं की मला बसून करायचं काम द्या. त्याने मला काज-बटणाच्या मशीनवर बसवलं. दिवसभर तेच, भोक, बटण, भोक, बटण. माझ्या टेबलाशी एक नवा माणूस आला. त्याचा हात जड होता, कापडाची कड ओबडधोबड निघायची, आणि मला ते शर्ट बटण लावताना हातात यायचे. मास्तरीण म्हणायचंही हळूहळू बंद झालं.

अशी तीनेक वर्षं गेली. मला त्या वर्षांचं नीट काही आठवत नाही. सकाळी उठून थर्मामीटर तोंडात धरायचा, ठरलेल्या दिवसांत दमलेल्या नवऱ्याला उठवायचं, पुढचे पंधरा दिवस स्वतःच्या अंगाकडे चोरासारखं कान लावून बसायचं. मग पाळी. मग पुन्हा तेच. रडायचीसुद्धा मला सवय झाली, म्हणजे रडता रडता मी भांडी घासायचे. फक्त संध्याकाळचा टब तेवढा बरा होता. दिवस कसाही गेला तरी शेवटी कढत पाणी आणि तो आणि मी, एवढं ठरलेलं होतं.

मग ते म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक तरुण बाई आल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. त्यांनी माझी सगळी कागदपत्रं पुढून मागून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, यांची तपासणी कुठे आहे?

नवऱ्याने बर्फाचा विनोद सांगितला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुमच्या बायकोच्या इतक्या तपासण्या झाल्यात, तुमची एक व्हायला हवी. ती झाल्याशिवाय मी यांना आता सुईसुद्धा टोचणार नाही. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी खाली बघत राहिले. मला सुई टोचणार नाही असं त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

त्या संध्याकाळी टबात मुकादम नाही, नक्कल नाही. मी दुसरं पातेलं ओतलं तेव्हा त्याने पाण्याकडे बघतच विचारलं, "माझ्यात काही निघालं तर तू काय करशील?"

"बुटांच्या नाड्या सोडीन," मी म्हटलं. "रोज सोडते तशा."

तो त्यावर हसला नाही. तेव्हा मला कळलं की तो इतकी वर्षं विनोद करत नव्हता, घाबरत होता.

रिपोर्ट आला. शुक्राणू फार कमी होते, आणि जे होते ते जेमतेम हलत होते. डॉक्टरबाईंनी ते सरळ सांगितलं आणि मग विचारायला सुरुवात केली. गेल्या काही महिन्यांत मोठा ताप आला होता का? दारू, सिगरेट? कुठली औषधं? घट्ट कपडे? सगळ्याला नवरा नाही नाही म्हणत होता. कामाचं त्याने पुन्हा सांगितलं, पण या वेळी माल वगैरे म्हणाला नाही. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता सहज विचारलं, घरी आल्यावर काय करता?

"टबात बसतात," मी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. "गरम पाण्याच्या. अंग गोठलेलं असतं ना, म्हणून."

"रोज?"

"रोज."

"किती वेळ?"

"पाणी गार होईपर्यंत," मी म्हटलं. "म्हणजे, गार होतं तेव्हा मी अजून ओतते."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या आमच्यावर रागावल्या नाहीत. पुरुषाच्या त्या भागाला बाकीच्या शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो, म्हणून तर निसर्गाने तो बाहेर ठेवलाय, असं त्यांनी समजावलं. दिवसभर थंडीत राहिलं म्हणून भरपाई होत नाही, तिथे तर जाड कपडेच असतात अंगावर. रोज तासभर कढत पाण्यात बसलं की नवे शुक्राणू नीट तयारच होत नाहीत. दुसरंही कारण असू शकेल, पण आधी हे बंद करा, अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पुष्कळदा सुधारतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. माझ्या नळ्या तपासल्या, रक्त तपासलं, वजन, चहा, टेबल, सगळं धुंडाळलं, आणि कारण आमच्या मोरीत बसून मुकादमाची नक्कल करत होतं. बाहेर आल्यावर मला हसू आलं. नवऱ्याने माझ्याकडे घाबरून पाहिलं, कारण ते हसू चांगलं नव्हतं.

घरी त्यानेच सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या गप्प बसतील, निदान त्या दिवशी तरी. सासूबाई वाईट नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना नातवंडाचं तोंड बघून डोळे मिटायचेत, एवढंच. त्यांनी सगळं ऐकलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "पण पाणी तर हीच तापवत होती ना."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली कढई खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्या घरात आवाज चढवला नव्हता, आणि आता चढवणार होते, तोंडाशी सगळं आलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि चोर सापडला तरी दोरी संन्याशाच्याच गळ्यात ठेवायची. पण त्याआधी नवऱ्याचा आवाज आला.

"आई, बसत मी होतो."

एवढंच तो म्हणाला. मी कढई पुन्हा उचलली. त्या दिवशी भाजी करपली आणि तिघांनीही ती गुपचूप खाल्ली.

टब बंद झाला. तो मोरीच्या कोपऱ्यात गेला आणि त्यात धुवायचे कपडे पडायला लागले. नवरा कामावरून यायचा, मी नाड्या सोडायचे, आणि तो दोन स्वेटर चढवून, बोटं काखेत घालून टीव्हीसमोर बसायचा. पाय कोमट पाण्यात बुडवायला हरकत नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पहिले काही दिवस मी बादली पुढे ठेवली. बाहेरच्या खोलीत, सासूबाईंसमोर, बादलीत पाय घालून बसलेल्या माणसाशी काय बोलणार? मी विचारायचे, अहो, पाणी ठीक आहे का? तो म्हणायचा, ठीक आहे. संपलं.

मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी. मी चहा सोडला, टेबल सोडलं, अंगावर सुयांचे डाग घेतले, तेव्हा घरात कुणी उसासा टाकला नव्हता. याचा एक टब गेला तर घरात सुतक पडल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर टब माझाही गेला होता. मुकादमाचं काय चाललंय हे मला कळेनासं झालं होतं.

तीन महिने असे काढले आणि पुन्हा गेलो. डॉक्टरबाईंनी या वेळी माझ्याही तपासण्या सांगितल्या होत्या, जुन्या झाल्या म्हणून. आधी त्यांनी नवऱ्याचा रिपोर्ट उघडला आणि पहिल्यांदाच त्या थोडं हसल्या. खूप सुधारलं होतं. अगदी पहिल्या नंबराने पास नाही, पण पास. नवऱ्याने माझ्या हाताला हात लावला. त्याची बोटं गरम होती, कारण त्या दिवशी सुट्टी होती.

मग त्यांनी माझा रिपोर्ट उघडला आणि त्यांचा आवाज बदलला. तो बदल मी आता ओळखते. माझी बीजं फार थोडी उरली होती. वयाने हे व्हायचंच, काहींचं लवकर होतं, काहींचं उशिरा, माझं जरा लवकर झालं होतं. आपोआप दिवस राहण्याची शक्यता अगदी कमी. मोठा उपचार करता येईल, बीज बाहेर काढून, सुया, भूल, सगळं. तरी आशा थोडीच धरा, त्या म्हणाल्या.

मला एकच विचारायचं होतं. "आणि तीन वर्षांपूर्वी?"

खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या त्या, म्हणून मला आवडायच्या, आणि म्हणूनच त्या क्षणी नकोशा झाल्या.

"तेव्हा बरी शक्यता होती," त्या म्हणाल्या. "खात्री तेव्हाही नसते. पण बरी होती."

बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. पुढच्या सीटवर बाळ वगैरे कुणी नव्हतं, दोन माणसं जमिनीच्या भावावर बोलत होती. नवरा म्हणाला, "तेव्हाच मी तपासणी केली असती तर."

तो माझ्या तोंडून 'नाही रे' ऐकायला थांबला होता. मला माहीत होतं. सगळ्या बायकांना ते दोन शब्द पाठ असतात, आणि कितीतरी वेळा मी ते त्याला दिले होते, बोटं बधिर व्हायची तेव्हा, कामावर बोलणी खायचा तेव्हा. आज माझ्याकडे ते नव्हते.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. मी त्याला सांगितलं की मला आता सुया नकोत. मोठा उपचार नको, छोटा नको, थर्मामीटर नको. राहिलं तर राहिलं, नाही तर नाही. आणि सोमवारी मी मालकाला सांगणार आहे की मला माझं टेबल परत हवं, त्या नव्या माणसाला काज-बटण जमेल. हे सगळं मी एका दमात बोलले. तो बरं म्हणाला. मग पुन्हा एकदा बरं म्हणाला, जरा हळू.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, घर रिकामं होतं. मी पर्स ठेवली, गॅसवर दोन्ही मोठी पातेली चढवली आणि मोरीत जाऊन टबातले कपडे उपसून बाहेर टाकले. टब धुतला. तळाशी साबणाचा चिकट थर जमला होता, तो निघेपर्यंत घासला. नवरा दारात येऊन उभा राहिला. काही विचारावं की नाही असं त्याच्या तोंडावर होतं. पाणी तापलं, मी पहिलं पातेलं ओतलं, वाफ उठली, आणि त्याने सवयीने शर्टचं बटण काढायला सुरुवात केली. आता वर्ज्य करायचं कशासाठी, असंच त्याला वाटलं असणार.

"तू नाही," मी म्हटलं. "मी."

त्याचा हात बटणावरच राहिला. खरंच, इतक्या वर्षांत त्या टबात मी एकदाही बसले नव्हते. तो घासला, भरला, उपसला, त्याच्या काठाला टेकून जन्माचं बोलले, पण माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की मलाही त्यात बसता येईल. नवऱ्याने दुसरं पातेलं आणलं, मी गार पाणी फारसं मिसळू दिलं नाही. मी कपडे काढून आत बसले. गुडघे छातीशी आले. पाणी इतकं कढत होतं की आधी काहीच जाणवलं नाही, मग मला माझे पाय जाणवले, मग कंबर, मग ओटीपोट, जिथे इतकी वर्षं फक्त लोकांचे हात, सुया आणि नजरा जाऊन आल्या होत्या. ते माझंच पोट होतं. कुणी राहिलं नव्हतं त्यात, तरी माझंच होतं.

आणि मग मी रडले. भांडी घासताना रडायचे तसं नाही. तोंड उघडं टाकून, मोठ्याने, पातळ भिंतीची पर्वा न करता. नवरा माझ्या स्टुलावर बसला. आधी अवघडून बसला, त्याला ते स्टूल बुटकं पडत होतं. त्याने मला गप्प केलं नाही. माझं आवरेपर्यंत तो बसून राहिला. त्याचे डोळेही लाल होते, पण ते वाफेने झाले म्हणायला तो मोकळा होता.

खूप वेळाने मी विचारलं, मुकादम कसा आहे? तो म्हणाला, पाय मोडून घेतलाय, आता कुबडीवर चालतो. नक्कल करायला त्याने खांदा उचलला आणि अर्ध्यावर सोडून दिला. पाणी निवायला लागलं होतं.

"माझ्यावर राग आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पाणी गार होईपर्यंत तरी आहे."

मग त्याने बोट बुडवून पाहिलं, उठला आणि रिकामं पातेलं भरून पुन्हा गॅसवर ठेवलं.